नियमांचे देशांतर : व्हिडिओ गेम आणि प्रादेशिक सर्जकतेचा प्रश्न

१

मार्च २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या व्हिडिओ गेम रचनाकारांच्या परिषदेत एका जपानी रचनाकाराने श्रोत्यांमधून प्रश्न विचारला : अलीकडच्या जपानी खेळांविषयी व्यासपीठावरील मंडळींचे मत काय? कॅनडाचे फिल फिश यांनी, ते खेळ अगदीच टाकाऊ असतात, अशा आशयाचे उत्तर दिले. उत्तराच्या उद्धटपणावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्यामागील गृहीताकडे मात्र लक्ष कमी गेले. एखाद्या देशातील शेकडो माणसांनी निरनिराळ्या संस्थांत, निरनिराळ्या यंत्रांसाठी रचलेल्या खेळांना एक समान गुणधर्म असतो आणि त्या गुणधर्माचे कारण तो देश हेच असते, असे ते गृहीत. प्रश्न विचारणाऱ्यालाही ते मान्य असले पाहिजे. त्यावाचून असा प्रश्नच संभवत नाही. त्याआधी, २००९ च्या टोकियो गेम शोमध्ये, कॅपकॉम या संस्थेतील केइजी इनाफुने यांनी जपानी खेळांचे दिवस संपल्याचा निर्वाळा दिला होता. तेव्हा परकीयांनी दोष द्यावा आणि स्वकीयांनी तो नाकारावा, असाही हा प्रकार नव्हता. दोन्ही बाजूंचे या एका बाबतीत एकमत होते.

पाच वर्षांनी, २०१७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, ‘निअर : ऑटोमॅटा’ आणि ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हे दोन जपानी खेळ काही दिवसांच्या अंतराने प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्तुळात जपानी सर्जकतेच्या पुनरुत्थानाची भाषा सुरू झाली. राष्ट्राचा स्वभाव पाच वर्षांत पालटत नाही. पालटला असेल, तर ज्याला स्वभाव म्हटले जात होते ते काही निराळेच होते. ते काय होते हे शोधणे अवघड नाही. २००५-०६ पासून आलेल्या नव्या पिढीच्या यंत्रांवर खेळ रचण्याचा खर्च अनेक पटींनी वाढला होता. अमेरिकी आणि युरोपीय संस्थांनी ‘अन्रिअल’सारखी सामाईक आज्ञाप्रणाली विकत घेऊन तो आटोक्यात ठेवला, तर जपानी संस्था बहुधा आपापली साधने घरीच घडवीत राहिल्या. जो फरक हत्यारांचा आणि हिशेबाचा होता त्याला प्रतिभेचा फरक मानले गेले. यातील गंमत अशी, की फिश यांचा स्वतःचा ‘फेझ’ हा खेळ त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला आणि तो पहिल्या पडद्यापासून शेवटच्यापर्यंत बालपणी खेळलेल्या निन्टेन्डोच्या खेळांचे ऋण मिरवतो.

२

मराठी समीक्षेला या प्रश्नाची ठेवण अपरिचित नाही. तेन या फ्रेंच समीक्षकाने इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात वंश, परिस्थिती आणि युगक्षण ही त्रयी मांडली तेव्हापासून कलाकृतीचे मूळ तिच्या भूमीत शोधण्याची रीत रूढ झाली. पुढे भालचंद्र नेमाडे यांच्या देशीयतेच्या मांडणीने आपल्याकडे तिला अगदी वेगळे, वासाहतिक अनुभवातून आलेले वळण दिले. ही सारी चर्चा भाषेच्या आधाराने झाली, आणि ते स्वाभाविक होते. साहित्यकृतीचे द्रव्यच भाषा आहे. भाषा कोणत्या ना कोणत्या भूमीची असते. व्हिडिओ गेमच्या बाबतीत नेमकी येथेच अडचण उभी राहते. त्यात भाषा असते, चित्र असते, संगीत असते. पण ही सर्व काढून टाकली तरी जे उरते आणि ज्यामुळे तो चित्रपट न होता खेळ होतो, ती असते नियमव्यवस्था : काय करता येते, काय करता येत नाही, केल्यास काय मिळते, चुकल्यास काय जाते. नियमाला मातृभाषा असते काय?

नसते, असे उत्तर देणारा एक पक्ष आहे. त्याच्या मते नियम हे गणितासारखे सार्वदेशिक असतात आणि प्रदेश हा केवळ वेषाचा भाग असतो. बुद्धिबळाचा इतिहास या पक्षाच्या विरुद्ध जातो. चतुरंग भारतातून इराणात व तेथून अरबांमार्फत युरोपात पोचला. वाटेत मंत्र्याचा वजीर झाला आणि युरोपात वजिराची राणी झाली. पण हा केवळ नामबदल नव्हता. तिरपे एक घर चालणारे ते दुबळे सोंगटे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पटावरचे सर्वांत प्रबळ मोहरे बनले आणि त्यामुळे खेळाची गती, डावाची लांबी आणि धोक्याची जाणीव, सारेच बदलले. आज मराठी माणूस त्या मोहऱ्याला वजीर म्हणतो आणि युरोपात ठरलेल्या चालीने चालवतो. नाव एका परंपरेचे आणि चाल दुसऱ्या परंपरेची, अशी ही स्थिती आहे. प्रादेशिकतेची चर्चा करताना यांतील नावाकडे पाहायचे की चालीकडे, हे आधी ठरवावे लागते. बहुतेक चर्चा नावाकडे पाहून केली जाते.

३

नियम कसा देशांतर करतो याचे सर्वांत बोलके उदाहरण ज्याला ‘जपानी भूमिकाखेळ’ म्हणतात त्या प्रकारातच सापडते. या प्रकाराचे कूळ जपानी नाही. १९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा मेजाभोवती फासे टाकून खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. त्याचे संगणकी रूपांतर करण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतले दोन १९८१ चे : कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड या विद्यार्थ्यांचा ‘विझर्ड्री’ आणि टेक्ससच्या रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा’. (गॅरियट यांनी मालिकेच्या १९८५ मधील चौथ्या भागात नायकासाठी ‘अवतार’ हा संस्कृत शब्द योजला. आठ सद्गुण आत्मसात करणे एवढेच त्या भागाचे उद्दिष्ट होते. पडद्यावरील प्रतिमेला आज जगभर ‘अवतार’ म्हटले जाते. त्या रूढीचा एक धागा येथपर्यंत जातो.)

१९८३ साली सॅन फ्रान्सिस्कोतील अॅपल संगणकाच्या प्रदर्शनात युजी होरी या तरुण जपानी लेखकाने ‘विझर्ड्री’ पाहिला. तीन वर्षांनी, २७ मे १९८६ रोजी, होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या घरगुती यंत्रासाठी प्रसिद्ध झाला. वरून दिसणारा नकाशा ‘अल्टिमा’चा, शत्रू समोर उभा ठाकला की दिसणारे दृश्य आणि आळीपाळीने वार करण्याची पद्धत ‘विझर्ड्री’ची. कथा तर उसनी म्हणण्याइतकीही नाही : राजा, राजकन्या, ड्रॅगन. आशयाच्या अंगाने पाहणाऱ्या समीक्षकाला यात जपानचे काहीच सापडणार नाही. तरीही हा खेळ ‘विझर्ड्री’ची नक्कल वाटत नाही. तो का वाटत नाही, याचे उत्तर नियमांत शोधावे लागते.

पहिला भेद मृत्यूचा आहे. ‘विझर्ड्री’त पात्र मेले तर त्याला देवळात नेऊन जिवंत करता येते, पण तो विधी फसू शकतो, फसला तर पात्राची राख होते, राखेवरचाही विधी फसला तर ते पात्र कायमचे नाहीसे होते. चकतीवर ही नोंद लगेच होत असल्याने पश्चात्तापाला वाव नसतो. आठवडेच्या आठवडे वाढवलेले पात्र एका फाशात जाते. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये मेलेला नायक पुन्हा राजासमोर उभा राहतो. राजा त्याला बोल लावतो. जवळचे निम्मे सोने जाते. मिळवलेला अनुभव मात्र शाबूत राहतो. या एका नियमाने खेळाचा सारा भाव पालटला. पहिल्यात कौशल्य आणि नशीब यांची झुंज होती. दुसऱ्यात चिकाटीला हमखास फळ आहे. कितीही अडाणी खेळाडू, पुरेसा वेळ दिला तर, शेवटपर्यंत पोचतोच.

हा नियम जपानी स्वभावातून आला असे म्हणण्याचा मोह पुष्कळांना झालेला आहे : कष्टाळू समाज, शाळकरी परीक्षा, चिकाटीचे संस्कार. मोह आकर्षक आहे, पण खेळाकडे नीट पाहिले तर अधिक जवळची कारणे दिसतात. ‘विझर्ड्री’ ज्या अॅपल संगणकावर खेळला जाई तो महाग, अक्षरफळ्याचा आणि प्रौढ हौशी माणसाच्या मेजावरचा होता. खेळणाऱ्याला फाशांच्या खेळाची सवय आहे हे त्यात धरून चालले होते. फॅमिकॉम दिवाणखान्यातील दूरचित्रवाणीला जोडलेला असे, त्याच्या हातपाटीला चार दिशांची कळ आणि मोजकी बटणे असत आणि खेळणारे बहुधा मूल असे. होरी त्या वेळी मुलांच्या ‘शोनेन जम्प’ या साप्ताहिकात लिहीत होते. आपला वाचक कोण, तो कोठे अडखळतो, हे त्यांना धंद्याने शिकवले होते. खेळ सुरू होतो तो राजाच्या कुलूपबंद दालनात. बाहेर पडायचे तर बोलावे लागते, पेटी उघडून किल्ली घ्यावी लागते, दार उघडावे लागते, जिना उतरावा लागतो. पहिल्या पाच मिनिटांत मुलाला सर्व आज्ञा पाठ होतात आणि आपल्याला शिकवले जात आहे हे त्याला कळतही नाही. बालसाहित्याचा जाणकार लेखकच असा आरंभ लिहू शकतो.

मग यंत्राची टंचाई. सबंध खेळ ६४ किलोबाइटांत बसवायचा होता. जपानीतील परकी शब्दांसाठी वापरली जाणारी काताकाना लिपीतील सगळी अक्षरे ठेवायला जागा नव्हती; विसाच्या आसपास अक्षरे निवडून त्यांतूनच राक्षसांची नावे घडवावी लागली. छंदाच्या बंधनात शब्द शोधणाऱ्या कवीची आठवण व्हावी अशीच ही निवड आहे. खेळाची प्रगती साठवण्याची सोय नव्हती म्हणून राजा वीस अक्षरांचा एक मंत्र सांगे आणि मुले तो वहीत उतरवून घेत. एक अक्षर चुकले की सगळे श्रम वाया जात. ‘विझर्ड्री’तील निर्दय मृत्यू नियमांतून हद्दपार झाला तो असा वहीतल्या लेखनदोषाच्या रूपाने मागच्या दाराने परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

चित्राच्या बाबतीत हेच घडले. अमेरिकी परंपरेत ‘स्लाइम’ हा भिंतीवरून ओघळणारा किळसवाणा लगदा होता. होरी यांनीही तसाच गोळा रेखाटून चित्रकार अकिरा तोरियामा यांच्याकडे पाठवला. परत आला तो पाण्याच्या थेंबासारखा, निळा, हसरा प्राणी. पहिल्याच वळणावर भेटणारा शत्रू हसरा आहे आणि हरलो तरी काही मोठे जात नाही, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकाच वाचकाला समोर ठेवून केलेल्या त्या दोन निवडी आहेत.

याच काळात ‘विझर्ड्री’ स्वतःही जपानी भाषेत गेला, आणि तेथे जे घडले ते भाषांतरमीमांसेच्या अभ्यासकाला अधिक मोलाचे वाटावे. मूळ खेळ विद्यार्थ्यांनी लिहिलेला, खोड्यांनी भरलेला होता. त्यातील एका श्रेष्ठ तलवारीचे नाव ‘ब्लेड क्विझिनार्ट’ असे होते. क्विझिनार्ट हे अमेरिकेतील स्वयंपाकघरातल्या चिरण्या-वाटण्याच्या यंत्राचे व्यापारी नाव. जपानी खेळाडूला हे यंत्र माहीत असण्याचे कारण नव्हते. क्विझिनार्ट हा कोणी विख्यात लोहार असावा आणि ही त्याच्या हातची तलवार असावी, असा अर्थ तेथे रूढ झाला. विनोद गळून पडला आणि त्याच्या जागी दंतकथा उभी राहिली. अशा असंख्य गळतींमधून जपानी ‘विझर्ड्री’ हा गंभीर, काळोखा आणि भारदस्त खेळ बनला. अमेरिकेत ही मालिका २००१ मधील आठव्या भागानंतर थांबली. जपानमध्ये परवाना घेतलेल्या संस्था पुढेही तिचे नवे भाग काढीत राहिल्या. तिकडे वुडहेड यांनी १९८८ साली जपानी चलच्चित्रे अमेरिकेत आणणारी संस्था काढली. ज्याचा विनोद जपानमध्ये कोणाला कळला नाही त्याने जपानचे विनोद अमेरिकनांना समजावण्याचा व्यवसाय पत्करावा, हा योगायोग रमणीय आहे.

‘ड्रॅगन क्वेस्ट’ १९८९ मध्ये अमेरिकेत पोचला तेव्हा उलट क्रिया झाली. प्रकाशकांनी तोरियामांची चित्रे वेष्टनावरून काढली, सरदारी चिलखतातला योद्धा आणला आणि संवाद शेक्सपिअरकालीन वळणाच्या इंग्रजीत लिहवून घेतले. जपानी रूपांतराने जो भारदस्तपणा सोडला होता तो पुन्हा चढवण्यात आला. मंत्राच्या वहीऐवजी प्रगती साठवणारी बॅटरी आली. एका मासिकाच्या वर्गणीबरोबर तो खेळ भेट म्हणून वाटावा लागला, यावरून त्याचे तेथील स्वागत कसे झाले याची कल्पना येते. जपानमध्ये मात्र फेब्रुवारी १९८८ मधील तिसऱ्या भागासाठी दुकानांपुढे रात्रीपासून रांगा लागल्या आणि शाळा ओस पडल्याच्या बातम्या झळकल्या. कामाच्या दिवशी हा खेळ विकण्यास जपानी सरकारने कायद्याने बंदी घातली, ही त्यानंतरची पाश्चात्त्य जगात अजूनही सांगितली जाणारी कथा खोटी आहे. ती खोटी असूनही टिकली, कारण ‘जपानी’ म्हणजे काय याविषयीच्या पूर्वग्रहाला ती पुरती जुळते. राष्ट्रीय स्वभावाच्या सिद्धांतांचा पुष्कळसा पुरावा याच जातीचा असतो.

आपल्याकडे केशवसुतांनी सुनीत आणले तेव्हा चौदा ओळींचा साचा आला, पण त्या ओळी अक्षरगणवृत्तांत चालू लागल्या आणि वळणाची जागा, श्वासाची लांबी बदलली. परक्या रूपाचे देशीकरण हे असे रूपाच्या आतील सांध्यांत होते. केवळ ताजमहालावर सुनीत लिहिल्याने ते देशी होत नाही.

४

मृत्यूचा नियम येथेच थांबला नाही. फ्रॉमसॉफ्टवेअर या टोकियोतील संस्थेच्या २००९ मधील ‘डीमन्स सोल्स’ आणि २०११ मधील ‘डार्क सोल्स’ या खेळांत हिदेताका मियाझाकी यांनी तो तिसऱ्यांदा लिहिला. येथे मेलेल्याची साठवलेली सारी पुंजी मृत्यूच्या जागी पडून राहते. पुन्हा तेथवर पोचले तर ती परत मिळते, वाटेत पुन्हा मेले तर कायमची जाते. ‘विझर्ड्री’ची निष्ठुरता आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’ची क्षमा एकाच वाक्यात बसवली गेली. या खेळांत दुसऱ्या खेळाडूंनी जमिनीवर लिहून ठेवलेले संदेश दिसतात, क्षणभर त्यांच्या छाया दिसतात, एखादा अनोळखी माणूस मदतीला येऊन एक शब्दही न बोलता नाहीसा होतो. या रचनेचे मूळ मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितले आहे : बर्फाने निसरड्या झालेल्या चढावर मोटारी अडकल्या होत्या, मागच्याने पुढच्याला ढकलत साऱ्या वर नेल्या आणि कोणाचीही ओळख न होता सारे पांगले. लहानपणी पाश्चात्त्य अद्भुत कथांची पुस्तके वाचताना न कळलेल्या जागा आपण कल्पनेने भरीत असू, असेही ते सांगतात. ‘जपानी मन’ या अमूर्त संज्ञेपेक्षा एक निसरडा चढ आणि अर्धवट कळलेले पुस्तक यांतून या नियमांचा उलगडा अधिक होतो. प्रदेश नियमांत उतरतो तो अशा तपशिलांच्या वाटेने उतरतो. ‘संस्कृती’ या ठोकळ शब्दाच्या वाटेने क्वचितच.

हे रूप आता पुन्हा प्रवासाला निघाले आहे. २०२३ मधील ‘लाइज ऑफ पी’ हा कोरियन खेळ ‘सोल्स’च्या नियमांनी इटलीतील पिनोकिओची कथा खेळवतो. २०२५ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथील संस्थेने ‘क्लेअर ऑब्स्क्यूर : एक्स्पेडिशन ३३’ प्रसिद्ध केला, आळीपाळीने वार करण्याची जी पद्धत कॉर्नेलहून टोकियोला गेली होती ती येथे मोडक्या आयफेल टॉवरच्या सावलीत आली, आणि ऐन वेळी बटण दाबून शत्रूचा वार परतवण्याची जोड मिळाल्याने तिच्यात द्वंद्वयुद्धाची लय आली. या खेळाला जपानी म्हणावे की फ्रेंच, हा वाद सुरू होताच त्यातील फोलपणा दिसू लागतो. ‘जपानी भूमिकाखेळ’ हे नाव प्रथम ऐकले तेव्हा आपल्यासारख्या काही रचनाकारांना ते हिणवणारे वाटले होते, असे ‘फायनल फँटसी’ मालिकेच्या सोळाव्या भागाचे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ मध्ये सांगितले. ज्यांना हे नाव चिकटवले जाते त्यांच्या दृष्टीने प्रादेशिक वर्गीकरण हे वर्णन नसते, कुंपण असते, याची ही नोंद वर्गीकरण करणाऱ्यांनी घ्यावयास हवी होती.

मग भूमीचा काहीच वाटा नाही काय? आहे, आणि काही ठिकाणी तो इतका उघड आहे की नाकारणे हा दुराग्रह ठरेल. कीव्हमधील जीएससी गेम वर्ल्ड या संस्थेचा ‘स्टॉकर : शॅडो ऑफ चेर्नोबिल’ (२००७) हे त्याचे उदाहरण. स्त्रुगात्स्की बंधूंची १९७२ ची कादंबरी, तार्कोव्स्की यांचा १९७९ चा चित्रपट आणि १९८६ ची अणुदुर्घटना, असे तीन थर त्याच्या खाली आहेत. ओसाड इमारती, गंजलेली वाहने, शेकोटीभोवती गिटार वाजवीत बसलेली माणसे ही झाली चित्राची बाजू. परंतु या खेळाचे खरे वेगळेपण असे, की त्यातील माणसे आणि जनावरे खेळाडूची वाट पाहत नाहीत. ती आपापल्या वाटेने हिंडतात, एकमेकांना मारतात, लूट नेतात; नायक तेथे पोचतो तेव्हा पुष्कळदा सारे आटोपलेले असते. तेथील दुर्मिळ वस्तू ज्याच्या जवळ असतात त्याला बळ देतात आणि त्याच वेळी इजाही करतात. वरदान निर्भेळ नसते, आणि जग नायकासाठी रचलेले नसते. हे दोन नियम अमेरिकी अद्भुतखेळांच्या मूळ धारणेच्या उलट आहेत. ज्या समाजात अदृश्य किरणोत्सर्गाची बातमी राज्यसंस्थेने आधी दडवली त्या समाजातून ते यावेत, हा संबंध येथे जोडता येतो, कारण तो नियमांत दाखवता येतो. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाच्या आक्रमणात या संस्थेचे काही लोक प्रागला गेले, काही सैन्यात गेले. पुढचा भाग नोव्हेंबर २०२४ मध्ये आला तेव्हा शीर्षकातील ‘चेर्नोबिल’चे युक्रेनी उच्चारानुसार ‘चोर्नोबिल’ झाले होते. येथे नावाचा बदलही वरवरचा म्हणता येणार नाही.

५

या कसोटीवर पुण्याकडे पाहणे भाग आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातील संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतीय खेळ म्हणून जगभर वाखाणला गेला. असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाच्या शोधात निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, तिला पाहत आपसांत बोलणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवरील चित्रे, सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितलेली कथा. यांतील बाहुल्यांची योजना सुंदर आहे. सूत्रधाराची परंपरा ज्या देशात आहे तेथेच ती सुचावी. पण राजी उडी मारते, भिंतीवरून धावते, खांबाला वेढा घेऊन त्रिशूळ चालवते, तेव्हा तिचे पाय ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’तल्या राजपुत्राचे असतात. तो राजपुत्र १९८९ साली जॉर्डन मेक्नर या अमेरिकनाने कल्पिला आणि २००३ मध्ये यूबिसॉफ्टच्या मॉन्ट्रिअल येथील शाखेने नव्याने घडवला. २००३ च्या त्या खेळाचे पुनर्निर्माण २०२० मध्ये यूबिसॉफ्टच्या पुणे-मुंबईच्या शाखांकडे असल्याचे जाहीर झाले होते. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रिअलकडे गेले. परक्याने कल्पिलेल्या पूर्वेची चाल पुण्याने उत्तम आत्मसात करावी आणि तिच्यावर आपली चित्रे चढवावीत, ही स्थिती वजिराच्या नावाची आणि चालीची आठवण करून देते.

‘राजी’च्या रचनाकारांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. भारतातील खेळउद्योग दोन-तीन दशके मुख्यतः परदेशी संस्थांसाठी चित्रे आणि आकृत्या करून देण्यावर उभा राहिला. ज्याला वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नियमांना वेष शिवून देण्याचे काम मिळाले, तो वेषातच पारंगत होणार. म्हणून ‘राजी’तील सर्वोत्कृष्ट भाग चित्राचा आहे, आणि सर्वांत उसना भाग झुंजीचा आहे. हा भारतीय प्रतिभेचा स्वभाव मानणे म्हणजे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्कोतील चूक घरी करणे होय.

टोरंटोतील तमिळ कुळाच्या रचनाकाराने केलेला ‘वेण्बा’ (२०२३) याच्या शेजारी ठेवून पाहावा. त्यात झुंज नाही, नकाशा नाही. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेल्या एका तमिळ गृहिणीजवळ आईची पाककृतींची वही आहे. वहीची पाने फाटलेली, ओळी पुसलेल्या. खेळाडूने तर्काने गाळलेल्या जागा भरून पदार्थ पुरा करायचा. इडलीपात्राच्या ताटल्या एकावर एक कशा ठेवल्या की भोके एकाखाली एक न येता वाफ सर्वत्र फिरते, एवढेच पहिले कोडे. हे ज्ञान स्वयंपाकघरातले आहे आणि ते नियम झाले आहे. परदेशी वाढणाऱ्या पिढीच्या हाती भाषा जशी फाटक्या पानांची येते, तशीच पाककृती येते. हे सांगण्यासाठी त्या खेळाला वेगळा संवाद लिहावा लागत नाही. आणि हे घडले ते चेन्नईत नव्हे, टोरंटोत. भूमीपासूनचे अंतर हेही प्रादेशिकतेचे एक रूप असू शकते, ही शक्यता देशीवादी मांडणीने अद्याप पुरेशी तपासलेली नाही.

नियमांत विचार मांडण्याची परंपरा मराठी प्रदेशाला परकी नाही. परंपरा ज्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते तो मोक्षपट हे त्याचे ठळक उदाहरण. हा संबंध ऐतिहासिकदृष्ट्या सिद्ध करणे कठीण असले, तरी पट आहेत, आणि ते एकसारखे नाहीत : वैष्णवांचे बहात्तर घरांचे, जैनांचे चौऱ्याऐंशी घरांचे, सूफींचे शंभराच्या आसपास. पंथ बदलला की घरांची संख्या, सापांच्या जागा आणि अखेरचे घर बदलते. यांतील पश्चिम भारतातील पटांचा सविस्तर अभ्यास जेकब श्मिट-मॅडसन यांनी कोपनहेगन विद्यापीठास २०१९ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात केला. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप अधिक असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेल्यावर दोहोंची संख्या सारखी होत गेली आणि सद्गुणाला दुर्गुणाइतकीच संधी देणारी ‘सापशिडी’ तयार झाली. तीच पुढे भारतात परत आली आणि मुलांच्या हाती पडली. मूळ पटावर खेळणाऱ्याला निवड अशी काही नव्हतीच; कवड्या पडतील तसे जायचे, साप गिळेल तेथून उतरायचे आणि पुन्हा चढायचे. खेळाडूला निवडीचे स्वातंत्र्य देणे हाच उत्तम खेळाचा निकष, असे आजचे रचनाशास्त्र धरून चालते. तो निकष जर सार्वदेशिक असेल, तर मोक्षपट हा खेळ म्हणून सदोष ठरतो. आणि मोक्षपट सदोष नसेल, तर निकषाचे मूळ गाव कोणते ते विचारावे लागेल. हा प्रश्न पुण्यातील रचनाकारांपुढे आहे, तसाच तो मराठी समीक्षेपुढेही आहे.